दुपारी एकची नोंद

२ फेब्रुवारी, सोमवार

ताई,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू ते न उघडताच बाजूला ठेवशील, म्हणून पत्ता छापून चिकटवलाय. आमच्याकडे बाटल्यांवर लावायच्या लेबलांचे गठ्ठे असतात, त्यातलंच एक. खाली ‘कधीपर्यंत वापरावे’ अशी मोकळी जागा होती, ती कात्रीने उडवली.

फोन करत नाही. एक तर तू उचलत नाहीस. दुसरं म्हणजे फोनवर मी फार सफाईने खोटं बोलते, कागदावर जरा अडखळते. निदान असा माझा समज होता.

तर मी जिवंत आहे, धडधाकट आहे आणि नोकरीला आहे. हसू नकोस. एका विद्यापीठाच्या औषधनिर्माण विभागात. शिकायला नाही, त्यांची अक्कल अजून शाबूत आहे. इथे वरच्या मजल्यावर पीएचडी करणारे वीस-पंचवीस जण असतात आणि त्यांच्या मागे आम्ही चारपाच जण. कुणी काचेची भांडी धुतं, कुणी रसायनं काढून देतं, कुणी त्यांचे अर्ज एका टेबलावरून दुसऱ्यावर नेऊन ठेवतं. सात महिने झाले. सात, ताई. फेरीबोटीवर तिकिटं फाडायला मी तीन महिने टिकले होते, रोपवाटिकेत दोन, हॉटेलच्या धोबीखान्यात अकरा दिवस. त्या धोबीखान्यातल्या म्हातारीचं तुला सांगायला हवं. ती चादरीच्या सुरकुत्यांवरून सांगायची, इथे झोपलेल्या माणसाला झोप लागली होती की नाही. पण ते असू दे.

इथे मोठ्या बाई आहेत. ऑफिस त्यांचं. पस्तीस वर्षं या विभागात आहेत. चारपाच डीन त्यांच्या डोळ्यांदेखत आले आणि गेले. त्यांच्या खणात सगळं मिळतं: कोरे अर्ज, टाचण्या, निळी पेनं, डोकेदुखीची गोळी, रुमाल. रुमाल विद्यार्थ्यांसाठी. पीएचडीची माणसं किती रडतात तुला कल्पना नाही. बाई रुमाल पुढे करतात आणि म्हणतात, “रडून झालं की इथे सही कर.”

आणि मुंगी आहे. ती विद्यार्थिनी. अडतीस वर्षांची, म्हणून मी तोंडावर मॅडम म्हणते. मनात मुंगी, कारण ती कायम भिंतीच्या कडेकडेने चालते आणि तिच्या हातात कायम तिच्याहून मोठं काहीतरी असतं. सहा वर्षं झाली तिला इथे. पहिले सर निवृत्त झाले, दुसऱ्यांनी विषय बदलायला लावला. तिची मुलगी आजीकडे वाढतेय आणि फोनवर विचारते, “आई, तुझी शाळा कधी सुटणार?”

माझं खरं काम कपाटाचं. माणसाएवढं उंच, पोलादी, दोन नंबरचं कपाट. आत चाळीस डिग्री उष्णता आणि पंच्याहत्तर टक्के दमटपणा. त्यात मुंगीच्या गोळ्या ठेवल्यात. सहा महिने आत राहिल्या की त्या किती म्हाताऱ्या झाल्या ते बघतात आणि त्यावरून बाहेरच्या जगात त्या किती वर्षं टिकतील ते ठरवतात. मला ते पहिल्या दिवसापासून आवडलं. दार लावलं की आत वर्षं भराभरा जातात. बाहेर मी स्टुलावर.

मी टाकीत पाणी भरायचं आणि रोज तीनदा आकडे लिहायचे: दहा, एक, पाच. आपोआप आकडे छापणारं यंत्र त्याला होतं, ते दोन वर्षांपूर्वी बिघडलं. दुरुस्तीची फाइल अजून फिरतेय. त्यामुळे कपाटाच्या आत काय घडलं याचा जगात एकच पुरावा आहे, तो म्हणजे माझं रजिस्टर. माझं अक्षर.

भिंतीवर टांगलेला तक्ता आणि त्याला दोऱ्याने बांधलेलं पेन बघितलं की मला आपला फ्रिज आठवतो. तेही असू दे.

मध्ये चार दिवस मी नदी समुद्राला मिळते तिथे जाऊन आले. तिथे पाण्यात एक रेघ दिसते, अलीकडे मातकट, पलीकडे हिरवं. माणसं ती रेघ बघायला येतात आणि तिच्याकडे पाठ करून फोटो काढतात.

भिंगरी

६ फेब्रुवारी, शुक्रवार

ताई,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पत्ता तोच आहे. घर विकलं नाहीस तर.

काल मुंगीच्या शेवटच्या चाचण्या संपल्या. गोळ्या झकास निघाल्या. सहा महिने कपाटात राहूनही अगदी टवटवीत. मुंगी कॉरिडॉरच्या मधोमध चालत आली. मी पहिल्यांदा तिला मधोमध चालताना बघितलं. लहान मुलांना झटके येतात ना, त्यांच्यासाठीची गोळी आहे ती, जिभेवर ठेवली की विरघळते. तिच्या सरांनी मान डोलावली. ते मान डोलावतात म्हणजे दुसऱ्या कुणी हार घालण्यासारखं आहे म्हणे.

तिची मुदत सत्तावीस तारखेला संपतेय. ही तिसरी वाढवून घेतलेली मुदत, याच्यापुढे नाही. त्या दिवशी प्रबंध दाखल झाला नाही तर नावच कमी होतं. बाईंनी ती तारीख त्यांच्या टेबलाच्या काचेखाली लाल शाईने लिहून ठेवलीय, स्वतःच्या निवृत्तीच्या तारखेशेजारी.

मी पुन्हा भलतीकडे चाललेय. जे लिहायला बसले ते लिहिते.

नदीवर गेले ते मंगळवारी, नऊ डिसेंबरला. रजा घेतली नव्हती. सकाळी बसस्टॉपवर उभी होते, विद्यापीठाची बस आली, तिच्यामागे दुसरी आली, तिच्यावर समुद्राकडच्या गावाची पाटी होती, आणि मी दुसरीत चढले. एवढंच. ठरवलं नव्हतं. तू म्हणशील, तू कधी काय ठरवलंस. त्या आठवड्यात निम्मे विद्यार्थी परिषदेला गेलेले, मोठ्या बाई प्रवेशाच्या कामाला मुख्य इमारतीत. मी नाही हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. खरं सांगू, त्याचं मला जरा वाईटच वाटलं.

टाकीत पाणी दोन दिवसांचं मावतं.

शनिवारी सकाळी परत आले तर टाकीत पाणी होतं. अर्ध्यापर्यंत. आकडे बरोबर. मला वाटलं, वाचले, मीच नीट भरली असणार. मग रजिस्टरात चार दिवस रिकामे होते ते भरले. मंगळ, बुध, गुरू, शुक्र. दिवसाला तीन म्हणजे बारा नोंदी. कुठे ४०.१, कुठे ३९.९, ७५, ७४, पुन्हा ७५. सगळे सारखे लिहिले तर ओळखू येतं, एवढी अक्कल मला आहे. दोन वेळा पेन बदललं. अकराव्या नोंदीनंतर चहाचा थेंबही पाडला, खरं वाटावं म्हणून.

तुला नवल वाटणार नाही हे मला माहीत आहे. पण तिथे आणि इथे फरक आहे, ताई. तिथे आई स्वतः म्हणाली होती, जा म्हणून. “जा गं, मी घेईन माझ्या गोळ्या.” हे मी तुला तेव्हाही सांगितलं होतं.

भिंगरी

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ताई,

आज मोठ्या बाईंनी मला आत बोलावलं आणि दार लावायला सांगितलं. त्यांचं दार कधी लागत नाही. बिजागरीला गंज होता, ते लागेपर्यंत दोघी कुरकुर ऐकत थांबलो.

प्रबंधाच्या शेवटी रजिस्टरच्या पानांच्या प्रती जोडतात आणि त्याखाली ऑफिसची सही लागते, ‘मूळ नोंदींशी ताडून पाहिले’ म्हणून. ती सही बाईंची. इतर कुणी आकड्यांवरून नुसती नजर फिरवली असती. बाई ओळ न् ओळ वाचतात, बोट ठेवून.

त्यांनी रजिस्टर माझ्याकडे वळवलं. अकरा डिसेंबर, गुरुवार. “ही एकची नोंद तुझीच ना?”

“हो.”

“काय लिहिलंयस?”

“चाळीस पूर्णांक एक. पंच्याहत्तर.”

मग त्यांनी खणातून एक कागद काढून शेजारी ठेवला. त्यांनीच टाइप केलेली नोटीस. विद्युत तारांच्या दुरुस्तीसाठी गुरुवार, दि. ११ रोजी सकाळी दहा ते दुपारी चार संपूर्ण इमारतीचा वीजपुरवठा बंद राहील. बुधवारी फळ्यावर लागली, शुक्रवारी निघाली. मी शनिवारी आले.

मी कागदाकडे बघत राहिले. त्यात एक ‘इमारतीचा’ ठळक छापलेला होता. मनात आलं, तो एकच का ठळक केला असेल. माझं डोकं असं आहे.

“कुठे होतीस?” बाईंनी विचारलं.

“नदीवर. चार दिवस.”

“कुणाबरोबर?”

“कुणाबरोबर नाही.”

“मग कशाला?”

म्हटलं, “तिथे पाण्यात एक रेघ दिसते.”

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, “परत आलीस त्याच दिवशी लाल शाईने ‘टाकी पाहिली नाही, वीज बंद’ एवढं लिहिलं असतंस ना, तर काही बिघडलं नसतं. चार दिवस कपाट बंद पडणं हे काही आभाळ कोसळणं नाही. सरांनी खुलासा जोडला असता, पंधरा दिवस गोळ्या जास्त ठेवल्या असत्या, झालं. तेव्हा तिच्याकडे दिवस होते. आता ही एक ओळ खोटी, म्हणजे सगळं रजिस्टर खोटं. परवाची खरी नोंदसुद्धा. समजतंय?”

समजत होतं. सहा महिन्यांतल्या साडेपाचशे नोंदी. त्यातल्या बारा सोडून बाकी सगळ्या मी खरोखर स्टुलावरून उठून, काचेतून बघून लिहिलेल्या. त्याही गेल्या.

“आता पुन्हा करायला सहा महिने लागतील,” बाई म्हणाल्या, “आणि हातात आहेत पंधरा दिवस.”

“सरांना सांगणार?”

त्यांनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाल्या, “सरांना सांगितलं की ते पाच मिनिटांत विषय संपवतील. नियमाने तेच बरोबर. मी पस्तीस वर्षं एकाही खोट्या कागदावर सही केलेली नाही, पोरी. पण ही मुलगी पहिल्या वर्षी माझ्यासमोर या खुर्चीत बसली तेव्हा तिची मुलगी मांडीवर होती. मला तिचा चेहरा बघवणार नाही. तू सांग, करू सही?”

“मी?”

“मग कोण? नोंद तुझी आहे. सोमवारपर्यंत सांग. नाही म्हणालीस तर तिला तू सांगायचंस, मी नाही.”

दार उघडताना पुन्हा तेवढाच आवाज झाला. बाहेर येऊन मी चाळीस टेस्ट ट्यूब धुतल्या आणि मग कळलं की त्या आधीच धुतलेल्या होत्या.

भिंगरी

१५ फेब्रुवारी, रविवार

ताई,

काल मी मुंगीला सांगायला गेले होते. म्हणजे गेले होते हे खरं.

ती वाचनालयात होती, प्रबंधाची पानं लावत. मला बघून तिने शेजारची खुर्ची ओढली. “बस. तुला एक गंमत दाखवते.” सुरुवातीचं एक पान काढलं, ऋणनिर्देशाचं. आधी सर, मग विभाग, मग तिची सासू, मग मुलगी. मोठ्या बाई. आणि सर्वांत शेवटी: ‘दोन क्रमांकाच्या कपाटाची नोंद एकही दिवस न चुकवणाऱ्या प्रयोगशाळा सहायिकेचे आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत.’

मी सहायिका नाही, परिचर आहे. तिने मला बढती दिली होती.

“आवडलं?” तिने विचारलं.

“शब्द नाहीत म्हणून एवढे शब्द वापरलेत,” मी म्हटलं. ती हसली, मीही हसले. मग तिला मुलीचा फोन आला. ती म्हणत होती, “अगं हो, तेरा दिवस. बोटं मोज. दोन्ही हातांची, आणि पायाची तीन.” मी उठून आले. बाहेर एक माणूस जिन्याच्या कठड्याला हिरवा रंग देत होता. अर्धा तास त्याला मदत केली. त्याने विचारलं, तुम्ही इथल्या का, आणि मी नाही म्हणाले.

आज दिवसभर खोलीत आहे. उद्या बाईंना उत्तर द्यायचंय. ‘करा सही’ एवढे दोन शब्द. बाई करतील. मुंगी डॉक्टर होईल. गोळी बाजारात यायला अजून दहा वर्षं आणि दहा माणसांच्या चाचण्या मध्ये आहेत, तेव्हा मूलबाळ कुणाचं मरणार नाही. हे सगळं मी स्वतःला समजावलं. मला समजलंही.

पण एक आठवतं ताई, ते जात नाही. आईला माझ्यावर सोपवून गेलेली तू प्रशिक्षणाहून परत आलीस, आईला दवाखान्यात टाकलेलं होतं, आणि तू सामान घ्यायला घरी आलीस. फ्रिजवरचा तक्ता काढलास. तूच आखलेला: डावीकडे वार, वर सकाळ-संध्याकाळ. सगळ्या चौकटीत माझ्या बरोबरच्या खुणा. पुढच्या दोन दिवसांच्यासुद्धा, जे अजून उजाडलेच नव्हते. मी ते एका बैठकीत केलं होतं, घाईत कुठे थांबायचं ते कळलं नाही. तू तक्ता बघितलास, घडी केलीस आणि पर्समध्ये ठेवलास. मला काही विचारलं नाहीस. मग स्वयंपाकघरात गेलीस, खण उघडलास आणि गोळ्यांची पट्टी हातात घेऊन पाठमोरी उभी राहिलीस. तुझे ओठ हलत होते. मला वाटलं, देवाचं काहीतरी म्हणतेस.

भिंगरी

१७ फेब्रुवारी, मंगळवार

ताई,

काल सकाळी मी बाईंना ‘नको’ म्हणाले. त्यांनी नुसतं पेनाचं टोपण लावलं.

मुंगी कपाटापाशीच होती. आतले ट्रे काढून उरलेल्या गोळ्या चिमट्याने बाटलीत भरत होती. मी म्हटलं, “मॅडम, डिसेंबरमध्ये चार दिवस मी इथे नव्हते. नऊ ते बारा. त्या नोंदी मी मनाने लिहिल्यात.”

तिचा चिमटा थांबला नाही. “माहीत आहे,” ती म्हणाली.

मला वाटलं, तिने नीट ऐकलं नाही. पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, “अगं, माहीत आहे म्हटलं ना. बुधवारी सकाळी मी आले होते. टाकी ठणठणीत कोरडी. आत दमटपणा एकोणीस टक्के. पाणी मीच भरलं. गुरुवारी वीज गेली तेव्हा या स्टुलावर बसले होते, अंधारात.”

“मग तुम्ही कुणाला बोलला का नाहीत?”

“वाट बघत होते.”

“कशाची?”

“तुझी.” आता तिने चिमटा खाली ठेवला. “सर काय म्हणतील मला ठाऊक नव्हतं. चालवून घेतील, की पुन्हा पहिल्यापासून करायला लावतील. आपण होऊन सांगायचा धीर होईना. म्हटलं, रजिस्टर तुझं आहे. तू येशील, बघशील, काय ते खरं लिहिशील. एकदा तू लिहिलंस की माझ्या हातात काही उरत नाही. मग मी ते घेऊन सरांकडे जाईन. शनिवारी दुपारी आले, तर तू बाराच्या बारा लिहून मोकळी.”

“मग?”

“मग काय. मग मी तुझ्यावर विश्वास ठेवला.”

असं म्हणून ती हसली. ताई, तसं हसणं मी कुणाचं बघितलेलं नाही. धोबीखान्यातल्या म्हातारीला विचारायला हवं होतं, अशा चेहऱ्याच्या माणसाच्या चादरीवर काय दिसतं.

“दाखव ते पान,” ती म्हणाली. मी रजिस्टर उघडून धरलं. तिने एकच्या नोंदीवर बोट ठेवलं. “काळोखात आकडे छान दिसले तुला. आणि हा चहा?”

“मुद्दाम पाडला.”

“हुशार आहेस.”

मी म्हटलं, “मग ते आभाराचं का लिहिलंत? माहीत होतं तरी?”

ती म्हणाली, “लिहिल्यावर खरं वाटेल म्हणून. तूही त्यासाठीच लिहिलंस ना?”

कपाटाचा पंखा फिरत होता. मीच म्हटलं, बाई अजून सही करतील, मी जाऊन सांगते, मी काही बोललेच नाही असं समजा. माझ्या तोंडून हे कसं निघालं मला माहीत नाही, पण निघालं.

ती म्हणाली, “तू आज बोललीस. कालपर्यंत मला ऐकू आलेलं नव्हतं.”

खोलीवर परत येताना रस्त्याच्या मधोमध मी थांबले. मागची सायकल माझ्यावर आदळता आदळता वाचली आणि तो माणूस मला काय काय बोलला. मी ऐकत होते, पण ताई, मला तेव्हा कळलं की तू देवाचं म्हणत नव्हतीस. तू मोजत होतीस. पट्टीत किती उरल्यात ते. सहा जास्त होत्या. तीन दिवसांच्या, सकाळ-संध्याकाळ.

म्हणजे तुला माहीत होतं. आई त्यानंतर नऊ दिवस होती. नऊ दिवस आपण दोघी त्या बाकावर शेजारी बसलो, तू मला डब्यातलं अर्धं काढून द्यायचीस. तू वाट बघत होतीस ना? आणि मी काय केलं, तर चौथ्या दिवशी, तू न विचारताच, तुला सांगितलं की आईनेच मला जा म्हटलं.

दोन वर्षं मला वाटतंय की तू माझ्याशी बोलत नाहीस.

२ मार्च, सोमवार

ताई,

सत्तावीस तारीख गेली. मुंगीने प्रबंध दिला नाही. बांधून आलेल्या पाचही प्रती तिने बाईंच्या टेबलावर आणून ठेवल्या आणि म्हणाली, “कोऱ्या बाजूला अर्ज छापायला होतील.” बाईंनी खणातून रुमाल काढला. तो या वेळी त्यांनी स्वतःच वापरला.

सरांना काय सांगितलं मला माहीत नाही. माझं नाव तिने घेतलं नसावं, कारण मला कुणी बोलावलं नाही. बाई म्हणाल्या, “तुला काढता येत नाही. काढायला कागद लागतो आणि कागदावर कारण लिहावं लागतं. मी ते लिहिलं की तिचं उरलंसुरलं नावही जाईल.” त्यानंतर त्या माझ्याशी फक्त कामापुरतं बोलतात. त्यांच्या काचेखालची एक लाल तारीख त्यांनी काढली. दुसरी आहे. महिनाअखेरीला त्याही जातील, आणि शेवटची आठवण त्यांना ही असेल.

मुंगी शनिवारी गेली. सकाळची गाडी होती. मी तिचा खोका स्टँडपर्यंत उचलून नेला, तिने नको म्हटलं नाही. चालताना मी तिला नदीच्या रेघेबद्दल सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “माझ्या मुलीला अजून सांगितलेलं नाही. तिने बोटं मोजून संपवली. काल विचारत होती, आता कुठली मोजू.” गाडी आली. खिडकीतून तिने हात केला की केस सारखे केले, ते कळलं नाही. प्रयोगशाळेत घालायच्या तिच्या चपला कपाटाखाली तशाच आहेत. मी त्या धुतल्या. का ते विचारू नकोस.

गोळ्या नियमाप्रमाणे टाकाऊ पिंपात गेल्या. मी एकही ठेवली नाही. ठेवावी असं मनात आलं होतं.

दोन नंबरचं कपाट रिकामं आहे, पण चालू ठेवायचं असतं. मी तीनदा आकडे लिहिते. मधल्या एका दिवशी उशीर झाला, एकची नोंद राहिली. तिथे लाल शाईने लिहिलं: पाहिलं नाही. बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं, वाचलं आणि पान उलटलं.

खरं बोलल्याने कुणाचं भलं झालं असं मी तुला लिहिणार नाही. झालं नाही. मी गप्प बसले असते तर ती आज डॉक्टर असती. आणि डिसेंबरात बोलले असते, तरीही असती. या दोन्हींच्या मध्ये जेवढी जागा आहे, नेमकी तेवढ्यात मी बोलले. तुझ्याही बाबतीत तसंच करतेय याची मला कल्पना आहे. आई परत यायची नाही आणि तूही लिहिणार नाहीस. लिहू नकोस. हे त्यासाठी नाही.

तू आखलेला तक्ता तुझ्याकडे असेल. नसला तर हा घे.

सोमवार: सकाळी दिली, संध्याकाळी दिली.
मंगळवार: सकाळी दिली. संध्याकाळी उशिरा, पण दिली.
बुधवार: दिली नाही. मी घरी नव्हते.
गुरुवार: दिली नाही. मी घरी नव्हते.
शुक्रवार: दिली नाही. संध्याकाळी सातला आले, तेव्हा ती मोरीजवळ पडलेली होती. शेजारच्या काकूंनी हाक ऐकली असं मी सांगितलं होतं. हाक कुणी ऐकली नाही. ती किती वेळ पडली होती याची नोंद नाही.
शनिवार, रविवार: खुणा आगाऊ केलेल्या.

आणि बुधवारी सकाळी मी निघाले तेव्हा आई ‘जा’ म्हणाली नव्हती. ती झोपलेली होती. मी चपला हातात घेऊन बाहेर पडले, तिला जाग येऊ नये म्हणून.

भिंगरी